शिशाएवढे लिथियम?

लोकप्रिय विज्ञानलेखनात एक वाक्य वारंवार भेटते: लिथियम-११ चे केंद्रक शिशाच्या केंद्रकाएवढे मोठे असते. सोबत बहुधा चित्र असते. मधोमध लाल-निळ्या गोट्यांचा घट्ट पुंजका आणि दूरवर भटकणाऱ्या दोन गोट्या. आमचा आक्षेप वाक्याला आहे आणि चित्रालाही.

मूळ शोध खरा आहे. १९८५ मध्ये तानिहाता व सहकाऱ्यांनी अमेरिकेत बर्कले येथे केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. लिथियम-९ पेक्षा लिथियम-११ मध्ये दोनच न्यूट्रॉन जास्त. त्रिज्या वस्तुमानांकाच्या घनमुळाप्रमाणे वाढते हा वर्गात शिकवला जाणारा नियम लावला, तर वाढ जेमतेम ७ टक्के हवी. आढळली ३० टक्क्यांहून अधिक. शेवटचे दोन न्यूट्रॉन फार सैल बांधलेले असतात. ते सुटायला दोघांना मिळून ०.३७ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरतात. मात्र शिशाशी तुलना शोभते ती या दोघांच्या पसाऱ्याची, सबंध केंद्रकाच्या सरासरी त्रिज्येची नव्हे. हा फरक लेखक सहसा सांगत नाहीत.

याहून मोठी उणीव दुसरीच आहे. चंद्राभोवती दिसते तसे हे न्यूट्रॉनांचे खळे फक्त क्षणभंगुर, दुर्मीळ केंद्रकांनाच पडते, असा समज वाचकाचा होतो. कार्बन-१३ पाहा. हा पूर्ण स्थिर समस्थानिक आहे, निसर्गातील कार्बनमध्ये सुमारे १.१ टक्के. शिसपेन्सिलीतही तो आहे (जिच्यात शिसे मुळीच नसते!). मूळ अवस्थेत त्याचा शेवटचा न्यूट्रॉन सोडवायला ४.९५ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. केंद्रकाला ३.०९ इतकी ऊर्जा मिळाली की तोच न्यूट्रॉन वरच्या कक्षेत जातो आणि उरलेले बंधन फक्त १.८६ राहते. शिवाय या कक्षेत त्याला कक्षीय कोनीय संवेग नसतो, त्यामुळे बाहेर पसरताना त्यापासूनचा अडसरही उरत नाही. त्याच्या तरंगाचे शेपूट लांबते. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणानुसार हा न्यूट्रॉन सरासरी ५ फेमटोमीटरच्या आसपास असतो. आतला कार्बन-१२ चा गाभा याच्या निम्म्याएवढा. म्हणजे कण तेच, संख्या तीच, आणि आकार वेगळा. घनमुळाच्या नियमात याला जागाच नाही!

अर्थात हा पुरावा अप्रत्यक्ष आहे, हेही सांगायला हवे. ही अवस्था फेमटोसेकंदाच्या घरातच विरते. तिचा झोत करून लक्ष्यावर सोडता येत नाही. न्यूट्रॉन एका केंद्रकातून दुसऱ्यात जाण्याच्या अभिक्रियांवरून पसारा काढावा लागतो. त्यात १.८६ हे बंधन लिथियमच्या मानाने बरेच घट्ट. याला खळे म्हणावे की खळ्याची सुरुवात, यावर वाद होऊ शकतो, आणि तो वर्गात जरूर व्हावा.

चित्र काढायचेच, तर कार्बन-१३ ची दोन शेजारी काढावीत: एक मूळ अवस्थेचे, एक उत्तेजित. शेवटचा न्यूट्रॉन मात्र गोटीने दाखवू नये. खडू आडवा धरून पुसट छटा ओढावी, कडेला विरत जाणारी.