रहस्यकथा आणि घुणाक्षरन्याय

विद्वानाने कादंबरी लिहिली की तीत विद्वत्ता अलंकारासारखी मिरवते, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. बोलोन्या विद्यापीठातील चिन्हमीमांसेचे प्राध्यापक उंबेर्तो एको (१९३२–२०१६) यांच्या ‘द नेम ऑफ द रोझ’ (मूळ इटालियन, १९८०) या कादंबरीला तो सर्वस्वी लागू पडत नाही. दारिद्र्यव्रताविषयीचे लांबलेले धर्मवाद तीत कथेची गती रोखतात, हे खरे; परंतु तिच्या गाभ्याशी शास्त्राचे प्रदर्शन नसून शास्त्राची परीक्षा आहे.

१३२७ साली इटलीतील एका मठात सात दिवसांत मृत्यूंची मालिका घडते. शोध घेणारा साधू विल्यम प्रारंभीच बर्फातील खुरांच्या खुणा व मोडलेल्या डहाळ्या यांवरून न पाहिलेल्या घोड्याचे वर्णन करतो. कार्यावरून कारणाकडे जाणारे हे अनुमान, नैयायिकांच्या परिभाषेत ‘शेषवत्’, येथे यशस्वी ठरते. पुढे मृत्यूंचा क्रम बायबलातील प्रकटीकरणाच्या सात कर्ण्यांशी जुळतो असे मानून तो अपराध्यापर्यंत पोहोचतो. आणि तेथे कळते की, मुळात असा बेत कोणी आखलेलाच नव्हता. किड्याने पोखरलेल्या लाकडात अक्षर दिसावे, तसाच हा प्रकार.

रूढ रहस्यकथेत अपराधी सापडला की शोधकाची उपपत्तीही सिद्ध झाली असे मानले जाते. एको ही सांगड तोडतात. चिन्हे खरी असूनही त्यांना जोडणारा क्रम वाचणाऱ्याचाच असू शकतो. उत्तर बरोबर आले एवढ्याने उपपत्ती खरी ठरत नाही. संशोधकाला अप्रिय असे हे सत्य एका संशोधकानेच कथारूपाने मांडावे, यात या कादंबरीचे मोल आहे.