देवळीकर आणि देवलीवाले

वर्ध्याहून यवतमाळच्या रस्त्याला लागलं की देवळी लागते. तालुक्याचं गाव, आजूबाजूला कापसाचा मुलूख. हेच नाव इंग्रजी अक्षरांत फोनवर शोधलं, तर आणखी एक गाव समोर येतं. ते राजस्थानात आहे, टोंक जिल्ह्यात. तिकडे म्हणतात देवली. ‘ळ’चा ‘ल’ झाला एवढाच फरक, आणि इंग्रजी स्पेलिंगमध्ये तोही उरत नाही.

त्या दुसऱ्या गावात नोव्हेंबर 1962पासून भारत सरकारने सुमारे तीन हजार माणसं काटेरी तारांच्या आत ठेवली होती. म्हातारी माणसं, गरोदर बाया, शाळेत जाणारी पोरं, सगळे. त्यांच्यापैकी अनेकांचा जन्म याच देशातला. बोलायचे आसामी, बंगाली, नेपाळी, हिंदी. त्यांचा गुन्हा एकच, त्यांचे आजे-पणजे चीनमधून आले होते. 20 ऑक्टोबरला सुरू झालेलं युद्ध 21 नोव्हेंबरला थांबलं. छावणीतली शेवटची माणसं मात्र 1967मध्ये सुटली.

या माणसांवर गेल्या काही वर्षांत चांगली पुस्तकं आली आहेत. त्यातली दोन इथे जरा नीट बघू. एक आहे रीता चौधुरी यांची आसामी कादंबरी ‘माकाम’ (2010), जी पुढे ‘चायनाटाउन डेज’ नावाने इंग्रजीत आली. दुसरं जॉय मा आणि दिलीप डिसूझा यांचं ‘द देवलीवालाज’ (2020). दोन्ही वाचावीत अशी आहेत. पण दोन्ही वाचून झाल्यावर एक प्रश्न मनात राहतो: उजाडलेल्या वस्तीची गोष्ट सांगताना आधी काय सांगायचं, ती वस्ती कशी होती ते, की ती कशी उजाडली ते?

‘वाला’ आणि ‘कर’

‘देवलीवाला’ हे नाव या लोकांनी स्वतःच घेतलं. मराठी कानाला ते जरा विचित्र लागतं. आपल्याकडे ‘वाला’ लागतो धंद्याला: दूधवाला, भंगारवाला, चायनीजवाला. गावाला लागतो ‘कर’. पुलगावकर, आष्टीकर, हिंगणघाटकर. माणूस गाव सोडून पुण्याला गेला, दुबईला गेला, तरी ‘कर’ सोबत जातो. मागे एक गाव आहे, तिथे कुणीतरी आपल्याला ओळखतं, एवढं त्यात आपोआप येतं.

देवलीवाल्यांचं उलट आहे. ते देवलीचे नव्हतेच. त्यांना तिथे पोलिसांनी नेलं. माणूस ज्या गावचा आहे त्याचं नाव आपण ऐकतो. इथे माणसाला ज्या गावात कोंडलं त्याचं नाव चिकटलंय. नाव घेताना त्यात थोडी थट्टा आहे, थोडा हट्टही आहे. पण त्यामुळे एक गोष्ट नजरेआड होते. देवलीवाला होण्याआधी ही माणसं कुठली तरी ‘कर’ होतीच.

कुठली? कोलकात्याच्या दक्षिणेला हुगळीकाठी अछिपूर आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी तोंग अछ्यू नावाच्या चिनी माणसाने तिथे साखरेचा कारखाना काढला, आणि गावाला त्याचंच नाव पडलं. पुढे कोलकात्यात तिरेट्टा बाजार आणि मग टांगरा अशा वस्त्या झाल्या. टांगऱ्यात हाक्का लोकांनी चामडं कमावण्याचे कारखाने चालवले. 1830च्या दशकात इंग्रजांनी आसामात चहा करायला चिनी कारागीर आणले, त्यातून तिनसुकियाजवळ माकुमची वस्ती वाढली. दार्जिलिंग, शिलाँग इथेही घरं झाली.

आणि माझगाव. मुंबईत डॉकयार्ड रोड स्टेशनजवळ, नवाब टँक रोडवर ‘सी यिप कून’ नावाचं चिनी देऊळ आहे. 1919मध्ये कँटनी लोकांनी ते बांधलं. बंदरात उतरणाऱ्या खलाशांची ती टेकायची जागा होती. मुंबईच्या जुन्या माणसांना चिनी दंतवैद्य आठवतात, चिनी चांभारांची दुकानं आठवतात. आज देवळाची देखभाल करणारी घरं बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

‘माकाम’: घर दिसतं, सरकार दिसत नाही

‘माकाम’ म्हणजे कँटनी बोलीत सोन्याचा घोडा. रीता चौधुरींनी ही गोष्ट एकोणिसाव्या शतकातल्या चहामजुरांपासून सुरू केली आहे. पुस्तक मोठं आहे, पात्रं भरपूर आहेत, आणि मध्येच कुठे कुठे संशोधनाची टिपणं कादंबरीच्या अंगावर पडतात. तरी एक काम ही कादंबरी फार चांगलं करते. ती वस्ती उभी करते. चिनी दुकानदार, आसामी शेजारी, मिश्र लग्नं, एकमेकांच्या सणांना जाणं येणं. दोनेकशे पानं वाचून झाल्यावर आपण त्या गल्लीतले होऊन जातो. म्हणूनच पोलीस येतात तेव्हा छातीत धस्स होतं. नुसत्या आकड्याने तसं होत नाही.

गडबड होते ती पुढे. नायिका मेई लिन, तिचा नवरा पुलक बरुआ. युद्ध सुरू होतं आणि नवऱ्याच्याच घरातला माणूस घात करतो, मेई लिनला चीनला पाठवलं जातं. कथा म्हणून हे धरून ठेवतं. पण वाचकाचा राग त्या घरातल्या माणसावर जातो. त्या नतद्रष्टाने असं केलं नसतं तर ती वाचली असती, असं वाटू लागतं.

ती वाचली नसती. ज्यांच्या घरात कुणीच खलनायक नव्हता, त्यांनाही त्याच गाडीत बसवलं गेलं. 1962च्या वटहुकमांनी परकीयांचे कायदे अशा माणसांनाही लावले, ज्यांचे आईवडील किंवा आजीआजोबा कधीकाळी भारतावर चालून आलेल्या देशाचे नागरिक होते. ‘शत्रुदेशीय मूळ’ एवढं अटकेला पुरत होतं. त्यासाठी कुणाच्या चुगलीची गरज नव्हती. कादंबरीला खलनायक सोयीचा असतो, कारण त्याला चेहरा असतो. वटहुकमाला चेहरा नसतो. पण या गोष्टीतला खरा धक्का त्या बिनचेहऱ्याच्या कागदातच आहे, आणि ‘माकाम’ तिथे मागे सरकते.

‘द देवलीवालाज’: सरकार दिसतं, घर पुसट होतं

दुसऱ्या पुस्तकाची रचनाच वेगळी. जॉय मा यांचा जन्म देवलीच्या छावणीतला. त्या आता अमेरिकेत असतात. त्यांनी तिथे राहिलेल्या माणसांच्या आठवणी ऐकून लिहिल्या. दिलीप डिसूझा मुंबईचे पत्रकार, त्यांनी इतिहास आणि कायद्याची बाजू घेतली. दोन आवाज आहेत आणि ते एकमेकांत मिसळत नाहीत, हे या पुस्तकाचं बळ आहे. एक सांगतो काय झालं, दुसरा विचारतो हे कशाच्या जोरावर झालं.

या पुस्तकात खलनायक सापडत नाही आणि तेच अस्वस्थ करतं. दारावर पोलीस येतात, थोडं सामान घ्या म्हणतात. कितीदा तर ओळखीचेच पोलीस. मग कित्येक दिवसांचा रेल्वेचा प्रवास, राजस्थानातला उन्हाळा, रांगा, कच्चा भात. गृहमंत्री लालबहादूर शास्त्री छावणीत येऊन गेल्याचं लोकांना आठवतं. कुणाला चीनला जायचंय, कुणाला भारतात राहायचंय, असं विचारलं गेलं. ‘घरी जायचंय’ असं उत्तर द्यायला जागाच नव्हती. दोन हजारांहून अधिक लोक 1963मध्ये मद्रासच्या बंदरातून चिनी जहाजांनी गेले. त्यातल्या अनेकांनी चीन कधी पाहिलाही नव्हता. जे थांबले ते सुटून गावी परतले, तर घर लिलावात गेलेलं, दुकान दुसऱ्याचं. मग पुढची पिढी टोरांटोला, कॅलिफोर्नियाला.

हे सगळं वाचताना हात थबकतो. तरी एक तक्रार आहे. छावणीआधीचं आयुष्य या पुस्तकात येतं, पण बहुतेक वेळा छावणीची प्रस्तावना म्हणून. शिलाँगचं घर, माकुमचं दुकान झटपट येऊन जातं, कारण लेखकांना आणि आपल्यालाही देवलीला पोचायची घाई असते. पुस्तकाच्या नावातच छावणी आहे, त्यामुळे ज्या सरकारी शिक्क्याविरुद्ध पुस्तक लिहिलंय, तोच शिक्का थोडा आणखी ठळक होतो.

यिन मार्श यांचं ‘डूइंग टाइम विथ नेहरू’ शेजारी ठेवून पाहा. दार्जिलिंगची तेरा वर्षांची मुलगी, सोबत धाकटा भाऊ, आजी, वडील. छोटं पुस्तक, भाषा साधी. पण त्यातलं दार्जिलिंग कशाची प्रस्तावना वाटत नाही. ते तिचं गाव आहे. म्हणून ती छावणीत पोचते तेव्हा ती ‘देवलीवाली’ होत नाही, ती देवलीत अडकलेली दार्जिलिंगकर असते.

सेवाग्रामपासून किती लांब?

वर्ध्यात बसून हे सगळं कशाला वाचायचं? कारण सांगतो.

1906पासून ट्रान्सवालमध्ये आशियाई लोकांच्या सक्तीच्या नोंदणीचा कायदा आला. बोटांचे ठसे द्या, परवाना खिशात ठेवा. त्याविरुद्ध गांधींनी लढा उभारला, हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. तो कायदा हिंदी लोकांइतकाच चिनी लोकांनाही होता आणि जोहान्सबर्गचे चिनीही त्या लढ्यात उतरले होते, हे मात्र आपण विसरतो. त्यांचा पुढारी लिउंग क्विन. जानेवारी 1908मध्ये तो गांधींबरोबर तुरुंगात होता. जनरल स्मट्स यांना तडजोडीसाठी गेलेल्या पत्रावर तीन सह्या होत्या: गांधी, थंबी नायडू आणि क्विन. पुढे येरवड्याच्या तुरुंगात दक्षिण आफ्रिकेतल्या सत्याग्रहाचा इतिहास लिहायला घेतल्यावर गांधी या चिनी सोबत्यांना विसरले नाहीत.

हाच माणूस 1936मध्ये वर्ध्याजवळ राहायला आला. जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेची सहल त्याची कुटी बघून येते. वंशावरून माणसाची नोंद करणारा कायदा अपमान आहे, हे ज्यांनी खांद्याला खांदा लावून सांगितलं त्यांच्यात चिनी होते. आणि त्याच माणसाला राष्ट्रपिता म्हणणाऱ्या देशाने 1962मध्ये आपल्या चिनी शेजाऱ्यांना वंशावरून वेगळं काढलं, पोलिसांकडे नोंद आणि हजेरी लावली.

गांधींची माणसंही तेव्हा गप्प बसली नव्हती. मार्च 1963मध्ये शंकरराव देवांच्या नेतृत्वाखाली दिल्लीहून पेकिंगकडे मैत्रीची पदयात्रा निघाली. एक मराठी माणूस चीनच्या लोकांना भेटायला पायी निघाला होता. चीनने आत येऊ दिलं नाही, यात्रा आसामपर्यंत गेली. त्याच महिन्यांत तीन हजार माणसं देवलीत होती. लांबच्या चिनी माणसाशी मैत्री करायला पदयात्रा होती, जवळच्या चिनी माणसाला काटेरी तार.

आणखी एक विरोधाभास. देवलीची ही छावणी त्यांच्यासाठी बांधलेली नव्हती. इंग्रजांनी 1940च्या सुमारास तिथेच जयप्रकाश नारायण, श्रीपाद डांगे यांना डांबलं होतं. ती गोष्ट आपण स्वातंत्र्याच्या इतिहासात अभिमानाने सांगतो. त्याच आवाराची पुढची गोष्ट कुणी सांगत नाही.

मराठीत काय नाव द्यायचं?

चीन म्हटलं की मराठी माणसाकडे एक तयार गोष्ट आहे: सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. 1938मध्ये चीनला गेले, जखमी सैनिकांची सेवा केली, 1942मध्ये तिथेच वारले. शांतारामबापूंनी 1946मध्ये त्यांच्यावर सिनेमा काढला. गोष्ट खरी आहे, मोठी आहे. पण तीत आपण देणारे असतो. इकडे येऊन राहिलेल्या चिनी माणसाची गोष्ट मराठीत जवळजवळ नाही. मंचुरियन मात्र गावोगाव पोचलं. ते मुंबईत पहिल्यांदा करणारा म्हणून ज्यांचं नाव सांगितलं जातं, ते नेल्सन वांग कोलकात्यात जन्मलेले चिनी. देवळीच्या चौकातली गाडी, वर्ध्याची गाडी, सगळ्यांवर लाल ड्रॅगन. त्या ड्रॅगनमागे कुणाचं तरी मोहल्ल्यातलं स्वयंपाकघर होतं.

ही पुस्तकं मराठीत यायला हवीत. अमेरिकेने जपानी वंशाच्या आपल्या नागरिकांना दुसऱ्या महायुद्धात कोंडलं, पण 1988मध्ये कायदा करून माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला 20,000 डॉलर दिले. देवलीचे माजी कैदी आज फक्त माफीचे शब्द मागतात. ते म्हातारे होत चाललेत. माफी सरकारने मागायची असते, पण ती कुणाची मागायची हे वाचकांना माहीत असावं लागतं. ते काम भाषांतराचं.

भाषांतरकारासमोर पहिली अडचण शीर्षकाची येईल. ‘देवलीकर’ म्हणावंसं वाटेल, मराठीत ते शोभून दिसेल. तसं करू नये. ‘कर’ गाव देतं, हे नाव सरकारच्या छावणीतून आलेलं आहे. मुखपृष्ठावर ‘देवलीवाले’च राहू द्यावं. आत मात्र प्रत्येक माणूस पहिल्यांदा भेटेल तिथे त्याचं आधीचं गाव यावं: माकुमकर, शिलाँगकर, टांगरेकर.

आणि माझगावकरांवरचं पुस्तक भाषांतरित करायची वाट बघायला नको. ते मराठीतच लिहायचं आहे. डॉकयार्ड रोडचं देऊळ अजून उघडं आहे, आणि आठवणी असलेली माणसं अजून आहेत.