दीपधारिणी

म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यांतील चित्रसंग्रहांत हातीं दिवा घेतलेल्या स्त्रीचें एक जलरंगचित्र आहे. तें राजा रविवर्म्याचें, असा समज अनेक मराठी प्रवासीही करून घेतात. रविवर्मा १९०६ सालीं निवर्तला. हें चित्र १९४५-४६ मधलें, सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचें. आपल्या माणसाचें श्रेय आपणच दुसऱ्यास देऊन टाकावें, ह्यास औदार्य म्हणत नाहींत.

चित्राकरितां उभी राहिली ती हळदणकरांची कन्या. एका हातांत दिवा, दुसऱ्या हाताचा ज्योतीस आडोसा, एवढाच प्रसंग. ही नुसती प्रकाशाची करामत, हींत भाव कोठें आहे, असें कोणी विचारील. मुद्रा शांत आहे हें आम्हांस मान्य आहे. परंतु भाव म्हणजे भुंवया आणि ओठ, ही समजूत आपण नाटकगृहांतून घरीं आणिली आहे. येथें तो बोटांत आहे. ज्योतीचें तेज मांसांतून आरपार येऊन बोटांच्या कडा आरक्त झाल्या आहेत. तो लाल रंग दिव्याचा नव्हे, तिच्या रक्ताचा आहे. तेथून ऊब गालांवर चढते आणि साडीच्या जांभळ्या छटेंत विझत जाते. पिवळ्या तेजास जांभळ्याचा विरोध मिळाल्यामुळेंच तें इतकें जिवंत भासतें.

तैलरंगांत प्रकाश शेवटीं वरून ठेवितां येतो. पारदर्शक जलरंगांत कागदाचा शुभ्रपणा हाच प्रकाश. तो पहिल्या हातापासून राखावा लागतो, आणि एकदां गढुळला कीं पुन्हां मिळणें कठीण. ज्योत जपणाऱ्या स्त्रीचें चित्र ह्याच माध्यमांत काढावें, ही निवड आम्हांस केवळ धाडसाची वाटत नाहीं. जपणूक हाच चित्राचा भाव आहे आणि रंगविण्याची रीतही तीच आहे. ‘ग्लो ऑफ होप’ हें त्याचें प्रचलित नांव म्हणूनच आम्हांस रुचत नाहीं. आशा दूरच्या वस्तूची असते. ही स्त्री हातांतलें राखीत आहे.

एक उणें मात्र सांगितलें पाहिजे. साडीच्या सोनेरी काठावर चित्रकारानें खर्चिलेलें कौशल्य किंचित् अधिक झालें आहे. नजर तेथें उगीच रेंगाळते, आणि बोटांकडे परतावयास तिला क्षणभर उशीर होतो.