‘अनटेनेबल’ : अर्थ आणि प्रतिशब्द

‘अनटेनेबल’ या इंग्रजी विशेषणासाठी मराठीत ‘असमर्थनीय’ हा शब्द सर्रास योजिला जातो. हा प्रयोग सदोष आहे. ‘टेनेबल’ हा शब्द फ्रेंचमार्गे लॅटिन ‘तेनेरे’, म्हणजे ‘धरून ठेवणे’, या क्रियापदापासून आला असून, शत्रूपुढे राखता येण्याजोगे ठाणे हा त्याचा एक जुना अर्थ होय. मताला तो लागला तो लक्षणेने.

जालन्याचेच उदाहरण घ्यावे. आसफजाहच्या आज्ञेवरून काबिलखानाने १७२५ मध्ये येथे किल्ला बांधला. त्यातील आतील वास्तू मस्तगड या नावाने ओळखली जाते. १८०३ च्या युद्धात शिंद्यांनी जालना शहर घेतले आणि २ सप्टेंबर रोजी कर्नल स्टीव्हन्सनने ते परत जिंकले. शिंद्यांचे ठाणे ‘अनटेनेबल’ ठरले; त्यांचा पक्ष न्याय्य होता की नव्हता, हा प्रश्न त्या शब्दात येतच नाही. समर्थनाचा संबंध औचित्याशी, टिकण्याचा बळाशी.

मराठीला ही लक्षणा परकी नाही. ‘किल्ला लढविणे’, ‘खिंड लढविणे’ हे प्रयोग रणभूमीवरूनच वादभूमीवर आले. न्यायशास्त्रानेही वादातील पराजयाला ‘निग्रहस्थान’ म्हणून त्याचे २२ प्रकार सांगितले. ते वादाचे दोष होत, वादीच्या नीतीचे नव्हेत.

हा भेद केवळ कोशापुरता नाही. मराठा आरक्षणाचा २०१८ चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०२१ रोजी रद्द ठरविला. २०२३ मध्ये याच जिल्ह्यातील अंतरवाली सराटी येथे उपोषण झाले, त्या काळात ‘न्यायालयात टिकणारे आरक्षण’ हा प्रयोग सर्वतोमुखी होता. लोकभाषेने येथे पंडितांहून नेमका शब्द निवडला. कायदा टिकला नाही, एवढेच म्हटले तर मागणीच्या न्याय्यतेचा विचार मोकळा राहतो. तोच ‘असमर्थनीय’ म्हटला की मागणाऱ्यांवरही नकळत निवाडा होतो.

इंग्रजीतही ‘अनटेनेबल’ आणि ‘इनडिफेन्सिबल’ हे शब्द एकमेकांच्या हद्दीत शिरतात, हे खरे. परंतु मूळ भाषेतील शैथिल्य अनुवादाने वाढवावयाचे कारण नाही. तर्कदोष दाखवावयाचा तेथे ‘अनुपपन्न’, अन्यत्र साधे ‘न टिकणारे’ म्हणावे. ‘असमर्थनीय’ हा शब्द, ज्याची बाजू घेणेच अनुचित, त्यासाठी राखावा.