जललेखापरीक्षेची परिभाषा

पाणीपुरवठा संस्थेचा लेखापरीक्षा-अहवाल हा केवळ आकड्यांचा दस्तऐवज होय, अशी समजूत रूढ आहे. वस्तुतः त्यातील निष्कर्ष बव्हंशी परिभाषाच ठरविते. ‘गळती’ हा शब्द घ्यावा. व्यवहारात गळती म्हणजे फुटक्या नळातून वाया जाणारे पाणी. अहवालांत मात्र पुरविलेले पाणी व आकारणी झालेले पाणी यांतील सगळ्याच तफावतीस पुष्कळदा हे नाव मिळते. मग जमिनीत मुरलेले पाणी, चोरीचे पाणी, मापकाची चूक आणि अग्निशमनासाठी विनामूल्य दिलेले पाणी एकाच शब्दात दडतात. पहिल्यावर उपाय दुरुस्ती, दुसऱ्यावर देखरेख, तिसऱ्यावर मापक बदलणे. चौथा तर दोषच नव्हे. आंतरराष्ट्रीय जल संघटनेच्या २००० सालच्या जलताळेबंदाने हे भेद पृथक् केले, हे त्याचे खरे श्रेय.

‘मालमत्ता’ या शब्दाची अडचण निराळी. तानसा धरण १८९२ चे. घसाऱ्याच्या हिशेबात इतक्या जुन्या बांधकामाची मूळ किंमत नाममात्र उरते; मुंबईस पाणी देण्याचे त्याचे कार्य मात्र अद्यापि चालू आहे. ‘आयएसओ ५५०००’ या मानकाने २०१४ मध्ये संस्थेस असणारे प्रत्यक्ष वा संभाव्य मूल्य हेच मालमत्तेचे लक्षण मानले. तथापि नवी व्याख्या स्वीकारून नोंदवही जुनीच ठेवली, तर नळाचे वय, धातू व फुटींचा इतिहास नोंदीबाहेरच राहतो. जे नोंदले गेले नाही, ते परीक्षकास तपासता येत नाही. आणि शब्द सैल राहिला की पैसाही भलत्याच ठिकाणी खर्च होतो.