काशिनाथचा चाकू : समतेच्या लढ्यातील बळाच्या नीतीची चिकित्सा

बाबुराव बागुल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ साली प्रसिद्ध झाला. यातील शीर्षककथेचा विचार समीक्षेने प्रामुख्याने जात लपविण्यातील घुसमटीच्या अंगाने केला आहे. तो रास्तच आहे. प्रस्तुत लेखात मात्र या कथेकडे निराळ्या प्रश्नाच्या अनुषंगाने पाहावयाचे आहे. समतेसाठी झगडणाऱ्याने बळाचा वापर करावा काय आणि केल्यास त्याची नैतिक मर्यादा कोणती, हा तो प्रश्न होय.

कथेचा निवेदक रेल्वेच्या नोकरीसाठी गुजरातेत जातो आणि आपली जात सांगत नाही. त्याच्या कवितेवर लुब्ध झालेले सहकारी त्याला सन्मानाने वागवितात. तेथेच काशिनाथ सकपाळ हा दुसरा दलित तरुण आहे. तो जात लपवीत नाही, अपमान गिळत नाही आणि चाकू बाळगतो. निवेदकाची जात उघड होताच कालपर्यंतचे स्नेही त्याच्यावर तुटून पडतात. त्याला सोडवितो तो काशिनाथ. मार का खाल्लास, या त्याच्या प्रश्नाला निवेदक जे उत्तर देतो, त्यात मारणाऱ्यांपैकी कोणाचेच नाव येत नाही. या माणसांचे हात चालविणाऱ्या प्राचीन स्मृतिकाराला तो अपराधी ठरवितो.

हे उत्तर मराठी समीक्षेला फार भावले. व्यक्तीविषयी द्वेष नाही, व्यवस्थेविषयी आहे, असे म्हणून त्यातील उदात्ततेचा गौरव झाला. अशा गौरवात एक सोयीस्कर विस्मरण आहे, असे आम्हांस वाटते. निवेदक हे उत्तर देऊ शकतो, कारण तो जिवंत आहे. आणि तो जिवंत आहे, कारण काशिनाथजवळ चाकू होता. उत्तर डोक्यावर घ्यावयाचे आणि चाकूकडे डोळेझाक करावयाची, ही वाचनाची रीत प्रामाणिक म्हणता येणार नाही. याउलट केवळ चाकूचाच जयघोष करणारे वाचनही अपुरे पडते. चाकू चार माणसांना मागे सारू शकतो; त्यांच्या मनात बसलेल्या स्मृतिकारापर्यंत तो पोहोचत नाही. बागुलांनी या दोहोंपैकी एकाचीही बाजू घेतलेली नाही, हे या कथेचे खरे सामर्थ्य होय.

हा प्रश्न मराठीत आला तो केवळ साहित्यातून नव्हे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केल्यानंतर परिषदेच्या प्रतिनिधींवर हल्ला झाला. त्या वेळी संतप्त अनुयायांना प्रतिहल्ल्यापासून डॉ. आंबेडकरांनी आवरले. हा संयम दुर्बलांचा नव्हता. जमलेल्यांत लष्करातून निवृत्त झालेले लोक होते. पुढे हा लढा न्यायालयात गेला आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. तथापि बाबासाहेबांची भूमिका निरपवाद अहिंसेची होती, असे समजणे चूक ठरेल. 'बुद्ध की कार्ल मार्क्स' या निबंधात (तो महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेत १९८७ साली प्रकाशित झाला) त्यांनी सिंह सेनापती आणि बुद्ध यांच्या संवादाचा दाखला देऊन, शांततेचे सर्व उपाय थकल्यानंतर न्यायासाठी वापरलेले बळ दोषार्ह नाही, असे मत मांडले आहे. संविधान सभेतील २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात मात्र त्यांनी सांविधानिक मार्ग खुले असताना रक्तरंजित मार्गच नव्हे, तर सत्याग्रहदेखील सोडून द्यावा, असे बजावले. ही दोन विधाने परस्परविरोधी वाटतात. वस्तुतः त्यांना जोडणारी कसोटी एकच आहे. दुसरा मार्ग खरोखर खुला आहे काय?

दक्षिण आफ्रिकेत नेल्सन मंडेला यांनी १९६४ साली रिव्होनिया खटल्यात केलेले निवेदन याच कसोटीवर उभे होते. सनदशीर विरोधाची प्रत्येक वाट कायद्यानेच बंद केल्यावर त्यांच्या संघटनेने १९६१ मध्ये घातपाताचा मार्ग पत्करला; तोही मनुष्यहानी टाळून, कारण उद्या त्याच गोऱ्यांसमवेत राहावयाचे होते. अमेरिकेतील ब्लॅक पँथर (१९६६) यांनी पोलिसांवर नजर ठेवण्यासाठी शस्त्राबरोबर कायद्याचे पुस्तकही हाती घेतले. जात आणि वंश यांना एक मानणे बाबासाहेबांना मान्य नव्हते, याचे भान ठेवूनच ही तुलना करावी.

१९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने अमेरिकेतून नाव आणले, शस्त्र आणले नाही. तिचे बळ प्रामुख्याने भाषेचे होते. राजा ढाले यांच्या 'साधना'तील लेखाने त्याच वर्षी केवढे वादळ उठविले, हे सर्वश्रुत आहे. गंमत अशी की, त्या लेखातील शब्दांच्या हिंसेवर जेवढी शाई खर्ची पडली, तेवढी त्या लेखामागच्या घटनेवर पडली नाही. ती घटना तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातील ब्राह्मणगावची होती. दलित स्त्रियांची विटंबना झाली होती. जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या दंगलीनंतर निघालेल्या मोर्चात भागवत जाधव यांचा बळी गेला. शब्द एकीकडे आणि दगड दुसरीकडे, अशी ही विभागणी आहे. आणि आपली समीक्षा या दोहोंना एकाच तराजूत तोलत आली.

आमचा परिसर या प्रश्नापासून दूर नाही. हिंगोली जिल्हा १९९९ साली परभणीतून वेगळा झाला. त्यामुळे २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि त्यानंतर जो वणवा पेटला, तो याच जिल्ह्याच्या इतिहासाचा भाग आहे. येथे बाबासाहेबांची कसोटी लावून पाहावी. सांविधानिक मार्ग खुला होता, दलितांनी तोच धरला होता आणि त्यावर विधिमंडळाची मोहोरही उमटली होती. बळ वापरले गेले ते त्या निर्णयाविरुद्ध. खेड्यापाड्यांत घरे जळाली. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे मारले गेले. त्या गावांतून काशिनाथ नव्हता. असता, तर वस्तीचे पुढे काय झाले असते, हाही प्रश्नच आहे. कारण मूठभर वस्तीचा चाकू सबंध गावापुढे टिकत नाही. मुंबईत उच्चारलेल्या जहाल शब्दाची किंमत मराठवाड्यातल्या निःशस्त्र माणसाने मोजली, ही गोष्ट चळवळीच्या अभ्यासकांनी स्पष्टपणे मांडावयास हवी होती. आम्ही ती टाळत आलो.

ठरावाची अंमलबजावणी १४ जानेवारी १९९४ रोजी, म्हणजे जवळजवळ साडेपंधरा वर्षांनी झाली. दरम्यान १९७९ मध्ये जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपुरातून लाँग मार्च निघाला. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. स्वतःच्या देहावर वापरलेले बळ आपण 'बलिदान' म्हणून वंदनीय ठरवितो. ते वंदनीय आहेच; परंतु पीडितानेच जळावे अशी अपेक्षा ज्या समाजाच्या नीतिकल्पनेत दडलेली आहे, त्या समाजाला काशिनाथला उपदेश करण्याचा कितपत अधिकार पोहोचतो?

औंढा नागनाथ येथील देवालयासंबंधीची आख्यायिका या भागात प्रत्येकास ठाऊक आहे. कीर्तनास उभ्या राहिलेल्या नामदेवांना मागच्या बाजूस पिटाळले, तेव्हा देऊळच फिरून त्यांच्या सन्मुख झाले. १९३० साली सुरू झालेला काळाराम मंदिराचा सत्याग्रह चार वर्षांनी स्थगित करावा लागला. ते देऊळ फिरले नाही. आख्यायिकेत देव जे काम करतो, ते आधुनिक काळात कायद्याने करावयाचे असते. आणि कायदा म्हणजे अखेर शासनाचे संघटित बळच. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक अधिनियम हा या अर्थाने काशिनाथच्या चाकूला दिलेला पर्याय आहे. चाकू ज्या क्षणी निघतो, त्याच क्षणी कायदा पोहोचला, तरच तो पर्याय ठरेल. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत कायदा अस्तित्वात होता. भोतमांगे कुटुंबातील चौघांपर्यंत तो पोहोचला नाही.

जवळा बाजारसारख्या ठिकाणी ही कथा शिकविताना अध्यापकाची एक विशेष अडचण होते. १९७८ साली परस्परांसमोर उभ्या असलेल्या घरांची नातवंडे वर्गात एकाच बाकावर बसलेली असतात. काशिनाथ बरोबर होता की चूक, हे परीक्षेच्या उत्तरासारखे लिहून द्यावे, अशी दोन्हींकडून अपेक्षा असते. एकदा निवेदकाच्या अखेरच्या उत्तरावर तासभर चर्चा चालली. क्षमा की विवेक, असा वाद रंगला. तास संपत आला, तेव्हा मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, काशिनाथ त्या दिवशी तिथं आलाच नसता तर?" तेवढ्यात घंटा झाली. पुढच्या तासाला मी त्याच प्रश्नापासून सुरुवात केली.