चार्ली पार्करचे टेनरवादन

वादकाची शैली वाद्यात वसते की वादकात, हा प्रश्न चार्ली पार्करच्या बाबतीत केवळ तात्त्विक राहत नाही. आल्टो सॅक्सोफोनचा हा वादक १४ ऑगस्ट १९४७ रोजी माइल्स डेव्हिसच्या नावे सॅव्हॉय कंपनीने केलेल्या ध्वनिमुद्रणात टेनर वाजवितो. दोन्ही वाद्यांवर बोटांची ठेवण एकच. मात्र त्याच बोटांनी निघणारा स्वर टेनरवर चार स्वरांच्या अंतराने खाली उतरतो. एवढ्यावरून ‘वाद्य बदलले, पार्कर तोच’ असा निर्वाळा देण्याचा मोह होतो. तो अर्धाच खरा आहे. ‘हाफ नेल्सन’मध्ये वाक्यरचना त्याचीच आहे, उच्चार मात्र निराळा. आल्टोवर वाक्यारंभी जाणवणारी धार येथे बोथट होते, आघात मवाळतात. पार्करच्या शैलीत आघात हा भाषेतल्याप्रमाणे अर्थभेदक असल्यामुळे ही हानी किरकोळ मानता येत नाही. अपरिचय हे तिचे कारण म्हणावे, तर अर्ल हाइन्सच्या वाद्यवृंदात १९४३ साली तो टेनरच वाजवीत असे. ३० जानेवारी १९५३ च्या प्रेस्टिज ध्वनिमुद्रणात (येथे तो ‘चार्ली चॅन’ या टोपणनावाने वावरतो, हे गमतीचे खरे) शेजारी सनी रोलिन्सही टेनरवर असल्याने तुलना आयतीच हाती येते: रोलिन्स त्या वाद्याचा जन्मभाषक वाटतो, पार्कर अस्खलित बोलणारा पाहुणा.